भोंगा, रेडिओ आणि शेजारधर्म

शेगावहून संग्रामपूरच्या दिशेने निघाले की वाटेत वरवट बकाल लागते. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी आणि सोयाबीन, आणि सगळीकडे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याची काळी जमीन. संध्याकाळच्या वेळी या परिसरातल्या कोणत्याही मोठ्या गावात थोडा वेळ उभे राहावे. मगरीबची अजान, मंदिरातला हरिपाठ, बुद्धविहारातली वंदना आणि एखाद्या लग्नघरचा डीजे असे तीन-चार आवाज एकाच वेळी कानांवर येतात. प्रत्येक आवाजामागे श्रद्धा किंवा आनंद असतो. तरीही ज्या घरात कोणी आजारी आहे किंवा ज्या घरातले मूल दहावीच्या अभ्यासाला बसले आहे, त्या घराला विचारले तर उत्तर वेगळे मिळते.

या आवाजांविरुद्ध तक्रार नोंदवावी हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तक्रारी पुष्कळ झाल्या, त्यांवर न्यायालयांचे निकाल आले आणि त्यांवरून राजकारणही झाले. आम्हांला विचार करावयाचा आहे तो एका निराळ्या प्रश्नाचा. भोंगा खाली उतरवल्यावर श्रद्धावंताच्या हाती काय उरते? समाजाने किंवा शासनाने त्याला त्या बदल्यात काही द्यावयास हवे की नको?

जून २०२५मध्ये मुंबईतील काही मशिदींनी मोबाइलवरील ॲपद्वारे अजान भाविकांच्या घरी पोहोचवण्यास सुरुवात केल्याचे वृत्त आले, तेव्हा हा प्रश्न आमच्या मनात अधिक स्पष्ट झाला. अर्धशतकापूर्वी दुसऱ्या एका देशात, दुसऱ्या एका मुस्लिम समाजाने याच प्रश्नाला तोंड दिले होते. तेथे उत्तर मिळाले ते रेडिओतून, मलय भाषेच्या रेडिओतून.

सिंगापूरचा प्रयोग

सिंगापूरमधील मलय समाज हा तेथील अल्पसंख्य समाज आहे. २०२०च्या जनगणनेनुसार तेथील रहिवाशांमध्ये त्याचे प्रमाण १३.५ टक्के, म्हणजे सातात एकाच्या आसपास आहे. २०११च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील मुस्लिम बांधवांचे प्रमाणही साधारण एवढेच होते. हे साम्य योगायोगाचे असले, तरी तुलना करताना ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मलय समाजातील जवळजवळ सर्वच लोक इस्लामधर्मीय आहेत. मलय ही सिंगापूरची राष्ट्रभाषा असून तेथील राष्ट्रगीतही त्याच भाषेत आहे. परंतु प्रत्यक्ष कारभार आणि व्यवहार मुख्यत्वे इंग्रजीत चालतो आणि सुमारे तीन चतुर्थांश रहिवासी चिनी वंशाचे आहेत.

१९६५ साली सिंगापूर स्वतंत्र झाले. त्यानंतर सरकारने जुन्या वस्त्या हलवून उंच इमारतींची नवी नगरे उभारली. मलय लोक पूर्वी 'कांपोंग' म्हणजे लाकडी घरांच्या गाववजा वस्त्यांमध्ये राहत. वस्तीत मशीद असे आणि तिच्यातली अजान भोवतालच्या घरांत सहज ऐकू येई. ऐकणारे बहुतेक जण एकाच धर्माचे असल्यामुळे त्या आवाजाचा प्रश्न कधी फारसा उद्भवला नाही. नव्या इमारतींत चित्र पालटले. एका मजल्यावर मलय कुटुंब, त्याच्या शेजारी चिनी, पलीकडे तमिळ. मशीद लांब राहिली. तिच्या ध्वनिवर्धकाचा आवाज ज्यांना हवा होता त्यांच्यापर्यंत पोहोचेना आणि ज्यांना नको होता त्यांच्या खिडकीत मात्र शिरू लागला.

१९७०च्या दशकात तेथे गोंगाट कमी करण्याची मोहीम निघाली. ही मोहीम एकट्या मशिदींपुरती नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. चिनी संगीतनाटकांचे मांडव, अंत्ययात्रांची वाद्ये, लग्नसमारंभ, गाण्यांच्या तबकड्या विकणारी दुकाने आणि चर्चच्या घंटादेखील तिच्या कक्षेत होत्या. मशिदींच्या बाबतीत जो तोडगा निघाला तो असा : ध्वनिवर्धकांची तोंडे बाहेरून आत, म्हणजे मशिदीच्या सभागृहाकडे वळवावीत आणि दिवसातून पाच वेळा अजान मलय भाषेच्या नभोवाणी केंद्रावरून प्रसारित व्हावी. प्रारंभी समाजात नाराजी होती. मात्र पुढे हीच रीत स्थिरावली. आज 'मीडियाकॉर्प' या सरकारी मालकीच्या प्रसारणसंस्थेचे 'वार्ना ९४.२' हे मलय केंद्र बातम्या, चर्चा, जुनी-नवी गाणी आणि धार्मिक कार्यक्रम यांबरोबर अजानही ऐकवते. तरुणांसाठी 'रिया ८९.७' हे दुसरे मलय केंद्र आहे. त्यावर गाण्यांचा भर अधिक असतो.

या बदलाने काय साधले? पहिली गोष्ट अशी की, ऐकणे ही ऐकणाऱ्याची इच्छा झाली. ज्याला अजान हवी त्याने रेडिओ लावावा. शेजाऱ्यावर तिचा भार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, मशिदीपासून कोसभर दूर राहणारी गृहिणी, अंथरुणाला खिळलेला वृद्ध आणि टॅक्सी चालवणारा माणूस यांना ती एकाच क्षणी ऐकू येऊ लागली. जुन्या वस्त्या मोडल्यामुळे विखुरलेला समाज निदान त्या काही मिनिटांपुरता पुन्हा एकत्र आला. आणि तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. अजानला देशाच्या सार्वजनिक नभोवाणीवर, त्या समाजाच्या स्वतःच्या भाषेत, मानाचे स्थान मिळाले. 'तुमचा आवाज कमी करा' एवढेच सांगून शासन थांबले नाही; तो आवाज पोहोचवण्याची जबाबदारी त्याने अंगावर घेतली.

सिंगापूर हा आदर्श देश आहे असे आमचे म्हणणे नाही. तेथील प्रसारमाध्यमांवर सरकारची घट्ट पकड आहे. अल्पसंख्य समाजाने दिलेली संमती कितपत मोकळेपणाची होती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शिवाय आपल्या मोहल्ल्यातील ओळखीच्या मुअज्जिनचा आवाज रस्त्यावर ऐकू येणे आणि एका केंद्रावरून सर्वांसाठी एकच आवाज येणे यांत फरक आहे. ज्या गावात आंजेलुसची घंटा वाजणे बंद झाले, त्या गावातल्या जुन्या माणसांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

तीच भाषा, दुसरा देश

सिंगापूरच्या पुलापलीकडे मलेशिया आहे. भाषा तीच, धर्मही तोच. पण येथे मलय मुस्लिम समाज बहुसंख्य आहे आणि इस्लाम हा संघराज्याचा धर्म आहे. तेथे २००१ साली 'इकिम एफएम' हे इस्लामी विषयांना वाहिलेले केंद्र सुरू झाले. इस्लामविषयक अभ्यासासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेने ते चालवले आहे. अल्पसंख्यांचा रेडिओ आणि बहुसंख्यांचा रेडिओ यांची भाषा एक असली, तरी त्यांच्यापुढची कसोटी एक नसते. अल्पसंख्यांच्या रेडिओला विखुरलेली माणसे जोडावयाची असतात. बहुसंख्यांच्या रेडिओला आपल्या भाषेत इतरांनाही जागा आहे, हे आठवणीत ठेवावयाचे असते.

या दुसऱ्या कसोटीचा अनुभव मलेशियातील आपल्या कॅथलिक बांधवांनी घेतला आहे. साबा आणि सारावाक या प्रांतांतील असंख्य ख्रिस्ती लोक पिढ्यान्पिढ्या मलय भाषेत प्रार्थना करतात आणि परमेश्वराला 'अल्लाह' म्हणतात. 'हेरल्ड' या कॅथलिक साप्ताहिकाच्या मलय विभागाने हा शब्द वापरू नये, असा आदेश सरकारने दिला. प्रकरण न्यायालयात गेले. ३१ डिसेंबर २००९ रोजी उच्च न्यायालयाने साप्ताहिकाच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर जानेवारी २०१०मध्ये काही चर्चवर आगीचे हल्ले झाले. पुढे अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०१३मध्ये तो निर्णय फिरवला आणि जून २०१४मध्ये सर्वोच्च पातळीवरील संघीय न्यायालयाने पुढील अपिलाची परवानगी नाकारली. सारावाकमधील एका ख्रिस्ती महिलेच्या वेगळ्या खटल्यात मात्र मार्च २०२१मध्ये उच्च न्यायालयाने ख्रिस्ती लोकांच्या वतीने कौल दिला आणि २०२३ साली सरकारने त्याविरुद्धचे अपील मागे घेतले.

मलय भाषा ही केवळ मुस्लिमांची, असे मानले की सारावाकचा ख्रिस्ती माणूस स्वतःच्या घरात परका होतो. मराठी ही केवळ एका धर्माची, असे मानले तर? रायतूरच्या मुद्रणालयातून १६१६ साली बाहेर पडलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ला आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या अभंगांना आपण कोठे ठेवणार? हा प्रश्न मलेशियापुरता नाही. तो आपल्या दारातही येऊन गेला आहे. त्याकडे पुढे वळू.

आपल्याकडे काय घडले

ध्वनिवर्धकांविषयीचा आपला कायदा स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणासुदीसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे.

या विषयावरील सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निर्णय ३० ऑगस्ट २००० रोजी आला. तो मशिदीविरुद्ध नव्हता आणि मंदिराविरुद्धही नव्हता. तो चेन्नईतील एका ख्रिस्ती प्रार्थनास्थळाविषयी होता. 'चर्च ऑफ गॉड' या पंथाच्या त्या प्रार्थनामंदिरात ढोल, गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या साथीने प्रार्थना चालत आणि शेजारच्या वसाहतीने तक्रार केली होती. आपण अल्पसंख्य असल्यामुळे आपल्याला त्रास दिला जात आहे, असा बचाव चर्चने मांडला. इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, या आशयाचे उत्तर न्यायालयाने दिले. भोंग्यांविषयी बोलताना जे ख्रिस्ती बांधव 'त्यांच्या' गोंगाटाची चर्चा करतात, त्यांनी हा निकाल अवश्य आठवावा.

१८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या बंदीवर पुन्हा शिक्कामोर्तब केले. त्या खटल्याच्या पार्श्वभूमीला एक भीषण घटना होती. शेजारी मोठ्याने वाजणाऱ्या संगीतामुळे अत्याचाराला बळी पडलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीच्या किंकाळ्या कोणाला ऐकू गेल्या नव्हत्या. गोंगाट हा केवळ कानाचा त्रास नाही. शेजाऱ्याचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट तो बंद करतो.

महाराष्ट्रात २०२२ सालच्या गुढीपाडव्याला मनसेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी मशिदींवरील भोंगे उतरवण्याची मागणी केली आणि ३ मेची मुदत दिली. त्यातून जी कारवाई सुरू झाली, तिची झळ पहाटेच्या काकड आरतीलाही लागली. शिर्डीत ती आरती ध्वनिवर्धकाविना करावी लागली, तेव्हा ध्वनिवर्धकावरील आरती चालू राहावी अशी विनंती तेथील मुस्लिम बांधवांनीच केली. वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर राहून गेलेली ही बातमी आमच्या मते त्या महिन्यातील सर्वांत मोठी बातमी होती.

२३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे स्पष्ट करून पोलिसांना कठोर अंमलबजावणीचे निर्देश दिले. त्यानंतरच्या काही महिन्यांत मुंबईतून दीड हजारांहून अधिक भोंगे उतरवण्यात आले. त्यांत मोठा वाटा मशिदींचा होता. काही मंदिरे, गुरुद्वारे आणि चर्चही होती. न्यायालयाचा निर्णय योग्य आहे, असे आमचे प्रामाणिक मत आहे. मात्र अंमलबजावणीचा दंडुका सर्वांवर सारखा पडला का, हा प्रश्न मुस्लिम समाज विचारत आहे आणि डीजेच्या भिंतींसमोर पोलीस कितपत ठामपणे उभे राहतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो प्रश्न अनाठायी म्हणता येणार नाही.

भोंगा कशासाठी असतो?

येथे थोडे थांबून विचार करू. प्रार्थनास्थळावरचा भोंगा नेमके कोणते काम करतो? आमच्या मते चार कामे करतो. तो भाविकाला बोलावतो. तो दिवसाची वेळ सांगतो. रमजानमध्ये रोजा कधी सोडावयाचा हे त्यावरून कळते. गावातल्या मृत्यूची, हरवलेल्या मुलाची किंवा पोलिओच्या डोसाची खबर तो देतो. आणि चौथे काम म्हणजे, 'आम्ही येथे आहोत' हे तो सर्वांना ऐकवतो.

पहिली तीन कामे इतर साधनांनी होऊ शकतात. भांडण होते ते चौथ्या कामावरून. एकाने आवाज वाढवला की दुसरा वाढवतो. मग परमेश्वराशी बोलणे मागे पडते आणि शेजाऱ्याला ऐकवणे पुढे येते. तथापि, 'आम्ही येथे आहोत' असे म्हणावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. ज्या समाजाला आपले अस्तित्व नाकारले जात असल्याची भीती वाटते, तो ते अधिक मोठ्याने सांगतो. त्याचा भोंगा काढून घेतल्याने भीती जात नाही. उलट ती वाढण्याचा संभव असतो. सिंगापूरच्या तडजोडीचे मर्म येथे आहे. तेथे रस्त्यावरचा आवाज गेला, पण सार्वजनिक नभोवाणीवर मान्यता मिळाली. आपल्याकडे आवाज गेला आणि त्याच्या जागी शासनाने काहीही दिले नाही. मुंबईतील मशिदींनी आपल्या हिमतीवर, तमिळनाडूतील एका कंपनीने तयार केलेल्या ॲपचा आधार घेतला.

ॲप ही चांगली सोय आहे. पण तिला मर्यादा आहेत. त्यासाठी स्मार्टफोन हवा, त्यात पैसे भरलेले हवेत आणि गावात रेंज हवी. संग्रामपूर तालुक्यातील शेतमजूर वृद्धेच्या घरी यांतले काय असेल? रेडिओला एवढे काही लागत नाही. दोन सेल घातले की तो बोलू लागतो. शिवाय ॲप ज्याच्या त्याच्या कानापुरते असते, तर रेडिओ घरातल्या सर्वांसाठी असतो. आणि शेजाऱ्याला वाटले तर तोही ऐकू शकतो.

लहरी कोणाच्या?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर ना सरकारची मक्तेदारी, ना कोणा खाजगी धनिकाची. या निर्णयानंतर खाजगी एफएम केंद्रे आली. धार्मिक संस्थांना मात्र त्यांचे परवाने मिळत नाहीत. त्यामुळे 'इकिम एफएम'सारखे केंद्र आपल्या देशात उभे राहू शकत नाही आणि कॅथलिक केंद्रही राहू शकत नाही. बहुधर्मी देशात ही मर्यादा शहाणपणाची आहे, असे आम्हांला वाटते. प्रत्येक धर्माने आपापले केंद्र काढले तर छपरावरची चढाओढ लहरींवर जाईल, एवढेच.

पण त्यामुळेच सार्वजनिक नभोवाणीची जबाबदारी वाढते. आकाशवाणी सकाळी भक्तिसंगीत ऐकवते. विविध भारतीच्या 'वंदनवार'मध्ये निरनिराळ्या धर्मांची गीते येतात. आकाशवाणीची उर्दू सेवाही आहे. मग रमजानच्या महिन्यात जिल्ह्याच्या स्थानिक वेळेनुसार इफ्तार आणि सहेरीच्या वेळा प्रादेशिक केंद्रांवरून सांगणे, नाताळ आणि पुण्य शुक्रवारची उपासना, बुद्धपौर्णिमेची वंदना आणि आषाढी वारीचे धावते वर्णन या सर्वांना एकाच मापाने जागा देणे अशक्य आहे काय? भोंगे उतरवणाऱ्या शासनाने एवढे देणे हे उपकार नव्हेत. तो व्यवहाराचा न्याय्य दुसरा भाग आहे.

दुसरा मार्ग सामुदायिक रेडिओचा आहे. २००२ साली शिक्षणसंस्थांसाठी आणि २००६ साली स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांसाठी हे दार उघडले. आज देशात अशी पाचशेहून अधिक केंद्रे आहेत. तेलंगणातील माचनूर येथे दलित स्त्रियांनी २००८ साली 'संघम रेडिओ' सुरू केला. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाला. मलय रेडिओच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण हरियाणातील मेवातचे आहे. मेव मुस्लिमांची मोठी वस्ती असलेल्या त्या भागात २०१२ साली 'अल्फाज-ए-मेवात' हे केंद्र सुरू झाले. ते धर्माचा प्रचार करत नाही. शेती, पाणी, आरोग्य आणि मुलींचे शिक्षण यांविषयी ते लोकांच्या बोलीत बोलते. आपली बोली रेडिओवर ऐकू आली, की 'आम्ही येथे आहोत' हे सांगण्यासाठी माणसाला ओरडावे लागत नाही.

पातूरचा फलक आणि शेगावचे गहू

आता आपल्या दाराकडे वळू. बुलढाण्याला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषद आहे. तिच्या इमारतीवर मराठीबरोबर उर्दूतही फलक होता; उर्दूचा असा वापर १९५६पासून चालत आलेला होता. तो काढावा म्हणून एक याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा ही लोकांची आणि प्रदेशाची असते आणि संवाद साधणे हे तिचे मुख्य प्रयोजन असते, हा त्या निर्णयाचा गाभा आहे. मलेशियातील ख्रिस्ती लोकांना जो न्याय मिळण्यास इतकी वर्षे लागली, त्याचेच हे वऱ्हाडी रूप म्हणावे लागेल. आपली 'रेडिओ व्हेरितास आशिया' ही कॅथलिक प्रसारणसेवादेखील उर्दूतून बोलते, हे येथे सांगितले पाहिजे. तिचे लघुलहरींवरील प्रसारण २०१८ साली थांबले. आता ती इंटरनेटवरून चालते.

आणि भाषेचा हा प्रश्न केवळ मानाचा नाही, जिवाचाही आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडू लागले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला. अफवांना ऊत आला. त्या गावांशी सोयरीक करण्यासही लोक कचरू लागल्याच्या बातम्या आल्या. पुढे रेशनच्या गव्हातील सेलेनियमचे अतिरिक्त प्रमाण हे कारण असल्याचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून मांडले. याच पट्ट्यात खाऱ्या पाण्यामुळे मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार कित्येक वर्षांची आहे. जुलै २०२३च्या अतिवृष्टीत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराने हाहाकार उडवला. अशा प्रसंगी दहा-पंधरा कोसांच्या परिसरातील माणसांना, वऱ्हाडीत आणि उर्दूत, विश्वासाने खरी माहिती देणारा एक आवाज असता तर?

असा आवाज वरवट बकालसारख्या ठिकाणाहून उठू शकतो. त्यासाठी मोठ्या भांडवलाची नव्हे, तर सर्व समाजांनी मिळून चालवलेल्या संस्थेची गरज आहे. स्वयंसेवी संस्था, महाविद्यालये आणि कृषी विज्ञान केंद्रे यांना परवान्यासाठी अर्ज करता येतो. धर्माचा प्रचार त्यावर नसेल आणि नसावाही. पण ईदच्या दिवशी एखाद्या हिंदू मुलीने शेजारच्या घरातील शीरखुर्म्याची आठवण सांगितली आणि पोळ्याच्या दिवशी एखाद्या मुस्लिम शेतकऱ्याने आपल्या बैलजोडीचे वर्णन केले, तर ते कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक काम करील.

आपली घंटा

प्रिय वाचकहो, या सगळ्यात आपण ख्रिस्ती लोक कोठे उभे आहोत? वऱ्हाडात आपली संख्या नगण्य आहे. त्यामुळे या वादात आपण प्रेक्षक आहोत, असे वाटण्याचा मोह होतो. तो मोह टाळला पाहिजे.

अजान आणि आंजेलुसची घंटा या दोन्ही दिवसाच्या कामात माणसाला थांबवतात आणि परमेश्वराची आठवण देतात. ज्याने ही घंटा ऐकत बालपण घालवले आहे, त्याला शेजाऱ्याच्या अजानविषयी तुच्छतेने बोलता येणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात, एकाच परमेश्वराची आराधना करणाऱ्या मुस्लिम बांधवांविषयी ख्रिस्तसभेला आदर वाटतो, असे सांगितले आहे. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबी येथे पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. हे सर्व आपण वाचले आहे. ते आपल्या धर्मग्रामात उतरावयाचे असेल, तर सुरुवात आपल्या ध्वनिवर्धकापासून व्हावी. सणाच्या नोव्हेनाला, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आणि वाढदिवसाच्या मांडवात आपण कायद्याची मर्यादा पाळतो का? शेजारच्या घरात कोणी आजारी आहे का, हे विचारून आपण आवाज ठरवतो का?

मार्च २०२०मध्ये महामारीमुळे मंदिरे, मशिदी आणि चर्च बंद झाली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या रिकाम्या चौकात एकट्याने प्रार्थना केली आणि ती जगभरच्या घरांत पोहोचली. त्या दिवसांत आपल्यालाही पवित्र मिस्सा पडद्यावर आणि आवाजावर भागवावी लागली. प्रार्थनास्थळाचा उंबरठा दूर गेला असताना घरात येणारा एक आवाज किती आधार देतो, हे आपण त्या वर्षी अनुभवले आहे. सिंगापूरमधील मलय कुटुंबे तो आधार अर्धशतक अनुभवत आली आहेत. मुंबईतील मुस्लिम कुटुंबे आता तो ॲपमध्ये शोधत आहेत.

त्यांच्या या शोधाला आपण 'बरे झाले, आवाज गेला' एवढेच म्हणून निरोप द्यावा, की आकाशवाणीवर त्यांनाही आपल्याइतकीच जागा मिळावी म्हणून त्यांच्या बरोबरीने अर्ज करावा? शिर्डीतील मुस्लिम बांधवांनी काकड आरतीसाठी शब्द टाकला. आता शब्द टाकण्याची पाळी आपली आहे. प्रत्येक धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाने आपल्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा, आपल्या जवळच्या आकाशवाणी केंद्राला सर्व धर्मांच्या वतीने एक संयुक्त निवेदन पाठवावे आणि त्यावर मशिदीच्या, मंदिराच्या आणि विहाराच्या विश्वस्तांच्या सह्या स्वतः जाऊन घ्याव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे. निवेदनाला उत्तर येईल अथवा न येईल. परंतु त्या सह्यांसाठी चार दारांवर जे चहाचे कप रिकामे होतील, तेवढ्याने गावाचा आवाज थोडा खाली आलेला असेल.